बाहेरची दोन पिसं

"बाहेरची दोन पिसं तशीच ठेव. बघणारा बाहेरूनच बघतो. आतली पाच काप, तीही अर्ध्यात. आणि हाडाला हात लावायचा नाही, जन्मात नाही. पीस पुन्हा उगवतं, हाड उगवत नाही."

वडिलांना जाऊन एकोणीस वर्षं झाली होती, पण त्यांचा आवाज म्हातारा झाला नव्हता की थकला नव्हता. कात्रीच्या कडीत अंगठा शिरला की तो आलाच. गल्लीत तिला सगळे कात्रीताई म्हणत. शिवणकाम करत असेल असं वाटून एखादी नवी भाडेकरीण पडद्याचं कापड घेऊन यायची, तेव्हा भावजय दारातूनच तिला परतवायची, "आमच्या वन्सं कापतात, शिवत नाहीत."

दुकान इस्पितळाच्या समोर, चौकात होतं. पाटीवर निळ्या अक्षरांत ‘मोकळं आकाश’ लिहिलेलं. धंदा बगळे सोडण्याचा. कुणाचं लग्न ठरलं, कुणाचा मुलगा परदेशातून सुखरूप परतला, कुणी तिसऱ्या मजल्यावरून बरं होऊन खाली आलं, किंवा आलंच नाही, की माणसं दुकानात यायची. पांढराशुभ्र रानबगळा दोन्ही हातांत धरायचा, त्याच्या कानाशी मनातलं बोलायचं आणि हात उघडायचे. याला सोडणी म्हणत. भाऊ अशा वेळी शेजारी हात जोडून उभा राहायचा आणि मऊ आवाजात सांगायचा की जे बोलाल ते तो घेऊन जातो, मागे वळून बघत नाही.

बगळा उठायचा. लांब मान आत ओढून, पाय काड्यांसारखे मागे ताठ करून, पंखांच्या एकेका फटक्यासरशी हवा खाली ढकलत वर चढायचा, आणि इस्पितळाच्या गच्चीवरून दिसेनासा व्हायचा. खालची माणसं डोळे पुसायची.

गच्चीपलीकडे काय होतं ते पुसलेल्या डोळ्यांना दिसत नसे. इस्पितळाच्या मागे चादरी वाळत घालायचं मैदान, त्यापुढे लव्हाळ्याची दलदल, मग पडीक माळ, माळाच्या टोकाला पाण्याची उंच टाकी, आणि टाकीपलीकडे रानबगळ्यांचं मोठं तळं. आतली पिसं अर्ध्यात कापलेला पक्षी लव्हाळ्यापर्यंतच पोचतो. एकाच पंखाची कापली तर तो गिऱ्हाइकासमोरच गिरकी खाऊन आपटेल. दोन्ही पंखांची सारखी कापली तर अंगातल्या जोरावर उठतो आणि दम सरला की हळूच खाली बसतो, जणू आपल्याच मनाने. तिथे चिखलात पडलेले पक्षी वेचून आणणारा दुकानाचा गडी, वेच्या, उभाच असायचा, हातात वाकडी काठी आणि पाठीला झाकणाची टोपली. तासाभरात पक्षी मागच्या दाराने पुन्हा पिंजऱ्यात. भाऊ चहा पिताना म्हणायचा, "आपले बगळे सरकारी नोकर. सकाळी निघायचं, खूप केल्यासारखं दाखवायचं, संध्याकाळच्या आत घरी."

वडिलांच्या काळात एक नियम होता. वर्षातून एकदा बगळ्याची पिसं आपोआप झडतात आणि नवी येतात. नवी आली की त्या पक्ष्याला खरोखरच सोडायचं, गिऱ्हाईक नसताना, तळ्यावर नेऊन. माणसाला घडीभराचं समाधान हवं असतं, त्यासाठी पक्ष्याचं एक वर्ष घ्यायचं, सगळा जन्म नाही, असं ते म्हणत. तेही काही पुण्याचं काम नव्हतं, पण त्याला निदान शेवट होता. भावाने दुकान हाती घेतल्यावर पहिली गोष्ट केली ती हा नियम मोडण्याची. नवं पीस आलं की नवी कात्री. शिवाय कापलेली पिसंही वाया जाऊ द्यायची नाहीत. छोट्या काचेच्या चौकटीत एकेक बसवून, खालच्या टोकाला रेशमी फीत बांधून, ‘जाताना ठेवून गेलेली आठवण’ म्हणून द्यायची. फीत कापलेलं टोक झाकायची. युक्ती भावजयीची होती.

वडिलांनी भावाला दुकान दिलं आणि तिला कात्री. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी नवऱ्याने तिला माहेरी आणून सोडलं होतं, चार दिवसांसाठी म्हणून. त्या चार दिवसांना आता चोवीस वर्षं होत आली होती. वडील गेल्यावर तिचं अंथरूण पिंजऱ्यांच्या खोलीत आलं. भावजय म्हणाली, पक्ष्यांनाही सोबत, वन्संनाही सोबत. ज्याच्या हाती ससा तो पारधी, आणि ससा तर पहिल्यापासून भावाच्याच हाती होता. तिने एक नेम मात्र धरला होता: प्रत्येक पिंजऱ्यातलं भांडं ताज्या पाण्याने भरल्याशिवाय स्वतःच्या तोंडात पाण्याचा थेंब घालायचा नाही. ताप असो, पाय सुजलेले असोत, एकोणीस वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता. ज्या हाताने कापायचं त्याच हाताने पाणी पाजायचं, हे देवाच्या हिशेबात कुठे बसतं ते तिला कळत नसे. म्हणूनच बहुधा तिने नेम सोडला नव्हता.

एका सोमवारी दुपारी भाऊ आणि भावजय आत आडवे झालेले असताना दुकानाच्या पायरीवर एक बाई येऊन बसली. अंगात इस्पितळाचा झगा, वर शाल, मनगटावर सुईसाठी चिकटवलेली पट्टी. पासष्टीची असेल, पण आजाराने तिच्यात आणखी दहा वर्षं घातली होती. ती तिसऱ्या मजल्यावरची रोगी होती, आणि आयुष्यभर घड्याळं दुरुस्त करत आली होती. हे तिने सांगायच्या आधीच कात्रीताईला आठवलं: महिन्याभरापूर्वी, इस्पितळात भरती व्हायच्या दिवशी, हिनेच एक बगळा सोडला होता आणि त्याच्या कानाशी इतका वेळ बोलत राहिली होती की भावाला दोनदा खाकरावं लागलं होतं.

घड्याळवालीने शालीतून चौकट काढली. काच उघडलेली होती, फीत सोडलेली. तिने ते पीस कात्रीताईच्या मांडीवर ठेवलं आणि झग्याच्या खिशातून आपलं डोळ्याला लावायचं भिंग काढून पुढे केलं.

कात्रीताईने भिंग लावलं. चोवीस वर्षं ज्या पिसांत हात घातला ती तिने अशी कधी पाहिली नव्हती. मधल्या दांड्यापासून निघालेले तंतू, त्या तंतूंना फुटलेले आणखी बारीक तंतू, आणि त्यांच्या कडेला इवले इवले आकडे, एकाचा आकडा दुसऱ्यात अडकलेला. घड्याळवालीने नखाने पीस मधोमध उसवलं आणि दोन बोटांनी पुन्हा विंचरून दाखवलं. ते मिटलं, जणू उसवलंच नव्हतं.

इतकं बारीक काम माझ्या हातून चाळीस वर्षांत झालं नाही, असं ती म्हणाली. मग पिसाचं खालचं टोक पुढे केलं. आपोआप झडलेल्या पिसाचं टोक निमुळतं, बंद असतं. हे सरळ कापलेलं होतं, आतली पोकळ नळी दिसत होती.

ती रागावलेली नव्हती, आणि कात्रीताईला तेच जड गेलं. शांतपणे, एकेक चाक काढून ठेवावं तसं तिने सगळं मांडलं. तिने सोडलेल्या बगळ्याच्या डाव्या पायाला तीनच बोटं होती. हातात धरताना पाहिलं होतं. चार दिवसांनी तोच तीनबोट्या दमून तिच्या खिडकीच्या कठड्यावर येऊन टेकला, काचेपासून वीतभर. मग लव्हाळ्यात पडला, आणि टोपलीवाल्या माणसाने त्याला मानेला धरून उचललं. त्यानंतर आणखी दोनदा. तिची खिडकी मागच्या बाजूला उघडत होती आणि तिला दिवसभर दुसरं काम नव्हतं.

"माझ्या धाकट्या बहिणीशी मी अकरा वर्षं बोलले नाही," ती म्हणाली. "चूक माझी होती. ती गेली तरी बोलले नाही. त्या बगळ्याच्या कानात मी तिच्यासाठी दोन शब्द ठेवले होते. ते चार वेळा परत आलेत."

कात्रीताईने भिंग काढून तिच्या हातात परत दिलं.

"डॉक्टर तोंडाने सांगत नाहीत, पण मुलगा बाहेर जाऊन रडतो. आठ-दहा दिवस असतील. तुम्ही मला खोटं सांगितलंत ते मी सोडून देते, मीही गिऱ्हाइकांना खूप सांगितलंय. पण तोच पक्षी टाकीपलीकडे गेलेला मला दिसला पाहिजे. पुढे पोचला की नाही ते देव बघेल. टाकीपर्यंतचं मी बघेन."

कात्रीताई म्हणाली की बघू.

"बघू नको. घड्याळाच्या धंद्यात मी ‘बघू’ फार म्हटलंय, त्याचा अर्थ मला ठाऊक आहे. हो म्हणा, नाही तर नाही म्हणा."

आत भाऊ घोरत होता. तिने एकदा तिकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "गुरुवारी. सकाळी आठला."

घड्याळवालीने मान हलवली, पीस तिच्याच मांडीवर ठेवलं आणि कठडा धरत धरत चौक ओलांडून गेली.

हो म्हणणं सोपं होतं. तीनबोट्याची पिसं ताजी कापलेली होती. नवी यायला सहा महिने, आणि त्या बाईकडे सहा महिने कुठून आणायचे? पण वडिलांनी तिला आणखी एक काम शिकवलं होतं, जे भावाला कधी जमलं नाही. कापणी चुकून जास्त झाली तर पक्ष्याला पीस जोडता येतं. मेलेल्या पक्ष्याचं त्याच जागेचं, त्याच बाजूचं पीस घ्यायचं, डाव्याचं डाव्याला, उजव्याचं उजव्याला, कारण दोन्हींचा बाक उलट असतो. बांबूची सुईएवढी त्रिकोणी काडी तासायची. गोल काडी नळीत फिरते, त्रिकोणी फिरत नाही. काडीला सरस लावून अर्धी जुन्या नळीत, अर्धी नव्या पिसात. सरस सुकेपर्यंत पीस बोटांत धरून बसायचं आणि श्वाससुद्धा बेताने घ्यायचा.

नेमका त्याच सकाळी एक बगळा मेला होता. नवाच पकडून आणलेला, अजून कात्री न लागलेला. अन्नाला शिवलाच नव्हता. एरवी ती असा पक्षी मागच्या भिंतीशी पुरायची. या वेळी तिने त्याचे पंख काढून ओल्या फडक्यात ठेवले.

मंगळवारी दुपारी उजवा पंख झाला, बुधवारी दुपारी डावा. तीनबोट्याच्या डोक्यावर जुना मोजा चढवला, चोच सुती नाडीने बांधली. अंधार झाला की पक्षी गप्प होतो. त्याचं काळीज तेवढं तिच्या मांडीवर घड्याळासारखं चालत होतं. तिने एकेक पीस बसवलं, बाक जुळवला, तंतू विंचरले. दहा पिसं. जोड कुठे आहे ते तिचं तिलाच बोट फिरवल्याशिवाय कळेना. शेवटी तिने पंख पंख्यासारखा उघडून पाहिला आणि तिला हसू आलं, अगदी थोडं. आमच्या वन्सं शिवत नाहीत म्हणे.

भावाला कळायचं काही कारण नव्हतं. तो पक्षी बाहेरूनच बघायचा, आणि बाहेरची दोन पिसं तर पहिल्यापासून शाबूत होती. भावजयीला सरसाचा वास आला असता तर खुर्चीचा पाय जोडला असं सांगायची तयारी होती, आणि तिने तो खरंच जोडलाही होता. घात केला तो तिच्याच हाताने. मेलेल्या पक्ष्याची पिसं मापाला कापताना त्यांची खालची टोकं उरली होती, दहा नळ्या. चुलीत टाकायच्या तर वडिलांचा हात आडवा आला. पिसाचा कुठलाही तुकडा मोकळा टाकायचा नाही, कागदात बांधायचा, वर बाजू लिहायची. चोवीस वर्षांचं वळण ते. तिने दोन पुड्या बांधल्या, एकीवर ‘डावा’ लिहिलं, दुसरीवर ‘उजवा’, आणि नेहमीच्या खणात ठेवल्या.

बुधवारी चारच्या सुमाराला भावाने चौकटीसाठी पीस हवं म्हणून तो खण उघडला.

तो ओरडला नाही. तो कधीच ओरडत नसे. पहाटे उठून देवासमोर तासभर डोळे मिटून बसणारा माणूस तो. गल्लीत कुणी त्याच्या तोंडून वाकडा शब्द ऐकला नव्हता. त्याने दोन्ही पुड्या तिच्यासमोर फरशीवर उघडल्या. पिसांशिवाय नुसत्या नळ्या. अशा नळ्या फक्त एकाच कामातून उरतात, आणि ते काम या घरात एकाच माणसाला येत होतं.

"ताई," तो म्हणाला, "कुठला?"

ती पुड्या पुन्हा मिटायला लागली.

त्याने विचारलं, मी तुला कधी काही कमी केलं का? ताट दिलं, छप्पर दिलं, नवऱ्याने टाकलेली म्हणून कुणाला बोट दाखवू दिलं नाही. वडिलांनी तुला कात्री दिली ती या दुकानासाठी. आज एक गेला, उद्या तू दहा पाठवशील, मग आम्ही खायचं काय, तुझा नेम? हे सगळं तो अशा स्वरात बोलला, जसा तो शोक करणाऱ्या माणसांशी बोलायचा. दारात भावजय कपबशी पुसत उभी होती. ती म्हणाली, "वन्संना बाई दया येते. आमची मात्र कधी आली नाही."

"सांगत नसशील तर नको," भाऊ म्हणाला. "पिंजऱ्यात बारा आहेत. बाराच्या बारा करतो."

तो बाहेर जाऊन कुंपणाच्या फांद्या छाटायची कात्री घेऊन आला. ती बघताच तिला कळलं, हा पिसांबद्दल बोलतच नाहीये.

वडिलांनी हाडाला हात लावायचा नाही असं सांगितलं ते दोघांनाही, एकाच दिवशी, एकाच फरशीवर बसवून. पंखाच्या शेवटच्या सांध्यापुढे बोटाएवढं हाड असतं, सगळी मोठी पिसं त्यातून फुटतात. ते गेलं की पक्षी जिवंत राहतो, चालतो, खातो, पंख हलवतो, पण पुन्हा उडत नाही. सहा महिन्यांनी नाही की सहा वर्षांनी नाही. असा पक्षी सोडणीलाही निकामीच. म्हणजे यात धंदा नव्हता. तिला धडा शिकवायचा होता, एवढंच.

तिने बोट दाखवलं. तीनबोट्या कोपऱ्यात एका पायावर उभा होता.

"आता धर," भाऊ म्हणाला. "माझा हात तुझ्यासारखा हलका नाही. हलला तर दुसऱ्यांदा कापावं लागेल."

आणि तिने धरलं. धरलं नसतं तर काय झालं असतं, हे ती नंतर मनाशी पुष्कळदा म्हणाली, पण धरलं हे खरं. डोक्यावर मोजा चढवला, चोच बांधली, पाय एका हाताच्या बोटांत घेतले, आणि डावा पंख, आजच दुपारी आपण पीस पीस करून पुरा केलेला, भावासमोर उघडून धरला. भावाने एकदा वाकून जोड शोधला. "काय हात आहे गं तुझा," तो मनापासून म्हणाला, "कळतसुद्धा नाही." मग त्याने सांधा चाचपला आणि कात्री मिटली.

आवाज फार झाला नाही. हिरवी फांदी तुटते तेवढाच. बांधलेल्या चोचीतून काही बाहेर आलं नाही, मांडीवरचं काळीज तेवढं एवढं जोरात आपटलं की तिला वाटलं, हे थांबणार. थांबलं नाही. पंखाचं टोक साती पिसांसकट फरशीवर पडलं, त्यांतला एकही जोड सुटलेला नव्हता. भावाने ते उचलून पायपुसण्यावर झटकलं आणि भावजयीकडे दिलं. चौकटींना चालेल म्हणाला. मग नळावर हात धुतले, आणि ताईलाही एक कप ठेव असं सांगून पुढे गेला.

तिने तुरटी उगाळली, आपल्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडली, जखम बांधली. पट्टी दोनदा भिजली, तिसऱ्यांदा कोरडी राहिली. चहाचा कप बाजूला गार झाला. आत भावजय ताटं मांडताना नवऱ्याला सांगत होती की आता वन्सं सरळ होतील, सुंठीवाचून खोकला गेला.

तिला घड्याळवालीचे शब्द आठवत होते, अगदी जसेच्या तसे. त्या बाईने पक्षी उडालाच पाहिजे असं म्हटलं नव्हतं. टाकीपलीकडे गेलेला दिसला पाहिजे, एवढंच म्हटलं होतं. अर्थात तिच्या मनात उडणंच होतं, आणि कुणाच्या मनात दुसरं काही असतं? शब्दांत सूट शोधत बसणं हा भावाचा गुण, तिचा नव्हे. पण उडणं आता कुणाच्याच हातात राहिलं नव्हतं. हातात राहिली होती फक्त वाट: मैदान, लव्हाळं, माळ, टाकी. दीड कोसही नसेल. चोवीस वर्षांत ती एकदाही तिकडे गेली नव्हती. गेले होते ते फक्त तिने कापलेले, तेही अर्ध्यापर्यंत.

गुरुवारी सकाळी ती नेहमीच्या वेळी उठली. पिंजऱ्यातली भांडी घासली, एकेक भरून आत ठेवली. अकरा पक्षी पाण्यावर वाकले. मग तिने नळाखाली ओंजळ धरून पाणी प्यायलं, पोटभर. कात्री खुंटीवर होती. ती काढून तिने खणात ठेवली, दोन्ही पुड्यांच्या शेजारी, आणि खण नीट बंद केला.

तीनबोट्या जिवंत होता. रात्रीतून त्याने पट्टीला चोच लावली नव्हती. तिने त्याला उचललं तेव्हा तो हलका लागला, कालच्यापेक्षाही हलका, जणू तेवढंसं हाड म्हणजे त्याचं सगळं वजन होतं. टोपलीत घालावा म्हणून तिने झाकण उघडलं आणि पुन्हा मिटलं. टोपलीतला पक्षी तिसऱ्या मजल्यावरून कसा दिसणार? मोजा काढला, चोचीची नाडी सोडली. चोच मारलीन तर मारू दे, तिचं देणंच होतं ते. त्याने मारली नाही. मान आत ओढून तिच्या खांद्याशी एका डोळ्याने समोर बघत राहिला.

पुढच्या खोलीत भाऊ देवासमोर बसला होता, पाठ ताठ, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. बगळासुद्धा मासा टिपण्याआधी असाच निश्चळ उभा राहतो. ती त्याच्या मागून गेली. पावलांचा आवाज त्याला आला असणार, पण नेमाच्या मध्ये तो कुणासाठी डोळे उघडत नसे, आणि आज तिला त्याच्या त्या नेमाचा पहिल्यांदा उपयोग झाला.

दारात भावजय केर काढत होती. तिने आधी पक्ष्याकडे पाहिलं, मग तिच्या पायांतल्या चपलांकडे. ही बाई घरात अनवाणीच फिरायची.

"वन्सं, कुठे निघालात? आठची सोडणी आहे, माणसं येतील."

"तीच करायला," ती म्हणाली.

भावजयीला हसावं की नवऱ्याला हाक मारावी ते सुचेना. केरसुणी तशीच हातात राहिली.

चौकात नुकतं ऊन उतरलं होतं. इस्पितळाच्या घड्याळात पावणेआठ झाले होते. मागच्या मैदानाकडे जाणारी बोळ इस्पितळाच्या भिंतीलगत होती. तिने पक्ष्याला छातीपाशी घेतलं, मग विचार केला आणि दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचललं. पांढरं लांबून दिसतं. हात लवकर भरून येतील हे तिला ठाऊक होतं, लव्हाळ्यात गुडघ्याएवढा चिखल असेल आणि वेच्या काठी घेऊन उभा असेल हेही. पलीकडे तळ्यावर पंख तुटलेल्या बगळ्याचे किती दिवस, हे तिला ठाऊक नव्हतं. परत कुठे यायचं हेही नव्हतं.

ती शेवटची पायरी उतरली, मान वर करून तिसऱ्या मजल्याकडे बघायचा मोह तिने टाळला, कारण खिडकी मागच्या बाजूला होती, आणि बोळीत शिरली.